इंग्लंडच्या कालव्यावर तात्या

ज्या माणसाची मला चारचौघांत लाज वाटली होती, तो आज सकाळी गेला.

माझे थोरले भाऊ. काटेवाडीचे तात्या.

आयुष्यभर कालव्यावर पाटकरी होते. दारं उघडायची, बंद करायची, ज्याची पाळी त्याला पाणी द्यायचं. इंदापूरकडच्या शेवटच्या शेतात पाणी पोचल्याशिवाय घरी जेवायला यायचे नाहीत.

चार वर्षांपूर्वी मुलीकडे इंग्लंडला जाताना मी त्यांना हट्टाने सोबत नेलं.

तिच्या गावाबाहेर एक जुना कालवा आहे. टेकडी चढणारा. एकापुढे एक सात लॉक्स, म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेले हौद, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरून पाणी सोडायचं. पाणी चढतं तशी बोट वर येते.

तात्या पहिल्या लॉकपाशीच अर्धा तास खिळले.
"आमी पाणी खाली न्यायात जन्म घालवला. ह्यांनी पाण्यावर बोट डोंगरावर चढवली की."

चौथ्या लॉकमध्ये एका म्हाताऱ्या जोडप्याची बोट होती. म्हातारा बोटीत. बाई पाण्याची झडप उघडून, हँडल तिथेच ठेवून पुढचं लॉक तयार करायला गेली.

पाणी धो धो चाललंय आणि जवळ माणूस नाही.

आमच्याकडे याचा एकच अर्थ. कुणीतरी चोरून दार उघडलंय, आणि टोकाची शेतं कोरडी राहणार.

तात्यांनी हँडल फिरवून झडप लावून टाकली.

बोट अर्ध्यातच थांबली. बाई धावत आली.

आणि मी माझ्या स्वच्छ कॉन्व्हेंटी इंग्रजीत म्हणाले, "सॉरी, ही इज फ्रॉम अ व्हिलेज. ही डझन्ट अंडरस्टँड."

म्हातारा तर हसत होता. इथे सगळेच कधी ना कधी चुकतात, म्हणाला. सॉरी म्हणायची घाई मलाच झाली होती.

घरी चहा घेताना तात्या म्हणाले,
"गावचा तर मी हायेच गं, शोभे. पण पाण्यातलं कळत न्हाय, असं म्हणायला नको व्हतंस."

तेवढं इंग्रजी त्यांना येत होतं. मला पुण्याला कॉन्व्हेंटमध्ये घाला म्हणून वडिलांशी भांडले ते हेच. सुट्टीत मी घरी आले की माझी इंग्रजीची रीडर्स माझ्याकडूनच वाचून घ्यायचे.

मी म्हणाले, "चहा गार होतोय, तात्या."

बस. एवढंच.

काल दुपारी बारामतीच्या हॉस्पिटलमध्ये मी ठरवून गेले होते. आज बोलायचंच.

ते एकच विचारत होते. कालव्याला पाणी सुटलं का, टोकाला पोचलं का. मी भाच्याला फोन लावला. पोचलं म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले.

झोपू देत, उद्या बोलू, असं वाटलं मला.

त्या अनोळखी बाईला मी क्षणात सॉरी म्हणाले होते.
तुम्हाला म्हणायला चार वर्षं पुरली नाहीत.

चुकले मी, तात्या.

पाणी टोकाला पोचलंय. या आता.