सहा वेण्या

जळगावला मी राहते त्या खोलीखाली किराणा दुकान आहे. तिथल्या फोनवर धुळ्याहून संगीताचा आवाज आला, "ताई, नाना गेले गं. आत्ता. झोपेतच." दुकानदाराने नुकतंच शटर वर केलं होतं. मी त्याच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेसातला पाच मिनिटं कमी होती. खरं सांगायचं तर रडू यायच्या आधी मनात आलं, नाना आजही वेळेवर निघाले. हे लिहिताना संकोच वाटत नाही, कारण आमच्या घरात पावणेसात ही काही साधी वेळ नव्हती. मी आज जी कोणी आहे ती त्या वेळेमुळे आहे.

माझे वडील, नाना, धुळ्याच्या एका छापखान्यात जुळारी होते. शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. लग्नपत्रिका छापल्या जायच्या, पावतीपुस्तकं छापली जायची, पण त्यांचा जीव होता पत्रकांत. जयंतीची पत्रकं, कापसाच्या जिनिंगमधल्या बायकांच्या मजुरीची पत्रकं, पाण्याच्या मोर्च्याची पत्रकं. बिघडलेल्या प्रती ते घरी आणायचे. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही तिघी बहिणी गणितं सोडवायचो आणि पुढची बाजू वाचायचो. "बंधू-भगिनींनो, किती दिवस गप्प बसणार?" हे वाक्य मला बाराखडीच्या आधी पाठ होतं.

मी चौथीत गेले त्या वर्षी आईला दवाखान्यात आयाची नोकरी लागली. कायमची. घरात इतका आनंद झाला की नानांनी गल्लीत जिलेबी वाटली. पण ड्युटी सकाळची होती. आईला सहाला घर सोडावं लागणार, आमची नगरपालिकेची शाळा सातला भरणार आणि प्रार्थना सुरू झाली की शिपाई फाटक लावून घेणार. मी चौथीत, संगीता दुसरीत, प्रज्ञा पहिलीत. नळ एक दिवसाआड यायचा, तोही साडेपाचला. स्टोव्ह एक, मोरी एक, आणि शाळेचा नियम असा की प्रत्येक मुलीच्या दोन वेण्या लाल रिबिनीने वर बांधलेल्या हव्यात. हे सगळं आता कोण करणार?

शिंदखेड्याहून नानांची मोठी बहीण, आमची अक्का, मुद्दाम हे ठरवायलाच आली. तिचा सल्ला तयार होता. "सुजी चौथीमा गई, बस शे. आते घर ऱ्हाऊ दे तिले. धाकल्या पोरीस्ले कोन दखी?"

सुजी म्हणजे मी. मी दाराआड उभी होते. अक्का वाईट नव्हती. तिला स्वतःला दुसरीतून काढलं होतं, धाकट्या भावाला, म्हणजे नानांनाच, सांभाळायला. तिच्या लेखी जगाची रीतच ती होती. आईची नोकरी आणि माझी शाळा कोणीतरी एका ताजव्यात टाकली होती आणि तिला दोन्ही हव्या होत्या.

नाना म्हणाले, "मी करसू."

"तू?" अक्का हसत सुटली. "माणूसनी जात कधी येण्या घालस का? बठ्ठी गल्ली हासी तुले."

नानांचं म्हणणं, सगळी गल्ली हसू दे. दिवसभर बारीक खिळे जुळवणाऱ्याला तीन पोरींचे केस जुळवता येणार नाहीत, असं काय आहे? अक्काने शेवटी अट घातली. आठ दिवस. तेवढ्यात जमलं नाही, तर सुजीला ती शिंदखेड्याला घेऊन जाणार, घरकाम शिकायला. नानांनी मान हलवली. मला कोणी विचारलं नाही, पण त्या आठ दिवसांवर माझं सगळं उभं होतं हे मला कळत होतं.

पहिला दिवस नुसता गोंधळ. शिळ्या भाकरीचा कुस्करा करपला. प्रज्ञाच्या डोळ्यांत साबण गेला. वेण्या जमल्या, पण रिबीन सुटू नये म्हणून नानांनी एकावर एक अशा चार-चार गाठी मारल्या. दोघींच्या गाठी मारेपर्यंत सात वाजले. आम्ही धावत पोचलो तेव्हा फाटक बंद होतं आणि आतून प्रार्थनेचा आवाज येत होता. तिघी परत आलो. दारात पाणी भरणारे एक शेजारी म्हणाले, "काय नाना, छापखाना सोडून न्हाव्याचं दुकान टाकताय का?" संध्याकाळी त्या गाठी सुटेनात. आईला कात्री घ्यावी लागली, रिबिनीबरोबर केसही गेले. अक्का नुसती सुपारी कातरत राहिली.

दुसऱ्या दिवशी वेळेवर पोचलो, पण आता रिबिनींनी घात केला. गाठ सैल ठेवली म्हणून त्या वाटेतच गळल्या आणि बाईंनी संगीताला वर्गाबाहेर उभं केलं. त्या दुपारी मी नानांचा डबा घेऊन छापखान्यात गेले. ते जुळवलेलं पान बांधत होते. सुटे खिळे सांडू नयेत म्हणून पानाभोवती सुतळीचे चार-पाच फेरे घट्ट घ्यायचे आणि शेवटचं टोक त्या फेऱ्यांखाली दाबून टाकायचं. गाठ मारायचीच नाही. असं बांधलेलं पान उचलून मशीनपर्यंत न्या, एक खिळा हलत नाही, आणि सोडायचं तर टोक ओढलं की झालं. हे काम त्यांनी हजारदा केलं असेल. त्या दिवशी ते मध्येच थांबले. सुतळीकडे पाहिलं, माझ्या केसांकडे पाहिलं... आणि डबा तसाच ठेवून खिशातली तुटकी रिबीन काढली. "बस इथं," म्हणाले. खिळ्यांचे खण ठेवायच्या घोडीसमोर, शाईच्या वासात, माझी वेणी बांधली गेली. मी मान झटकली, उड्या मारल्या. रिबीन हलली नाही.

तिसऱ्या दिवसापासून आमच्या घराला शिस्त आली. नानांनी सरळ एक पत्रकच छापलं. वर ठळक अक्षरांत "घरातील सर्व भगिनींना जाहीर आवाहन", खाली वेळा. साडेपाच: नळ आला तर बादल्या, नाही तर रांजण. पावणेसहा: अंघोळी, धाकटी आधी. सव्वासहा: कुस्करा आणि चहा. साडेसहा: वेण्या. पावणेसात: दाराबाहेर. शेवटची ओळ, "उशीर करणारीचे नाव पुढील पत्रकात प्रसिद्ध करण्यात येईल." मी मदतीला पुढे झाले की ते मला बसवायचे. "तुझं काम वाचायचं." आदल्या दिवशीच्या छपाईचं कच्चं पान माझ्या हातात द्यायचे. मी मोठ्याने वाचायचे, ते एकीकडे वेणी घालायचे आणि कान माझ्याकडे. वाक्य अडखळलं की वेणीला हलका हिसका बसायचा. "थांब. पुन्हा वाच. शब्द सुटलाय." मोर्च्यांची, मजुरीची, हक्काची भाषा माझ्या डोक्यात अशी वेणीतून शिरली.

आठव्या दिवशी अक्का पहाटेपासून उंबऱ्यावर बसून होती. गल्लीतल्या चार बायकाही काही ना काही निमित्ताने बाहेर रेंगाळत होत्या. नळ त्या दिवशी आला नाही. स्टोव्हची पिन हरवली, ती शोधण्यात वेळ गेला. प्रज्ञाने अंगावर चहा सांडला. नानांनी तिचा झगा मोरीत बुचकळला, पिळला आणि गरम तव्याजवळ धरून वाळवला. मग रांगेत बसवून सहा वेण्या, सहा रिबिनी, सहा वेळा टोक आत. पावणेसातला आम्ही दाराबाहेर होतो. धावलो नाही. नाना म्हणाले होते, आज चालत जायचं, सगळ्यांना दिसलं पाहिजे. आम्ही हातात हात घालून रस्त्याच्या मधोमध चालत गेलो. शिपाई टोल द्यायला हातोडी उचलत होता, आणि आम्ही तिघी रांगेत पहिल्या उभ्या होतो.

घरी आलो तर अक्का पिशवी भरून तयार. एकटीची. जाताना तिने माझं डोकं दोन्ही हातांनी फिरवून पाहिलं आणि नानांना म्हणाली, "दुसरी येनी वाकडी शे." बस, एवढंच. पुढे दरवर्षी ती यायची, आमची डोकी तपासायची आणि तेच म्हणायची. पण शिंदखेड्याचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

न्हाव्याच्या दुकानावरून ज्यांनी थट्टा केली होती त्याच शेजाऱ्यांची बायको पुढच्याच वर्षी बाळंतपणाला गेली. तेव्हा ते लेकीला घेऊन आमच्या दारात उभे राहिले. "नाना, ते टोक कसं दाबता हो?" लोक नानांचं कौतुक करू लागले की ते चिडायचे. "यांची आई नऊ वर्षं हेच करत होती," ते म्हणायचे, "तेव्हा कोणी बघायला आलं नाही." म्हणून मीही त्यांना थोर म्हणणार नाही. त्यांनी आपल्या घरातलं आपल्या वाट्याचं काम केलं. एवढं साधं काम सगळ्या घरांतल्या पुरुषांनी केलं असतं, तर माझ्या वर्गातल्या किती मुली पाचवीत दिसल्या असत्या... मला त्यांची नावं अजून आठवतात. नानांच्या हिशेबात ती नावं फाटकाबाहेर राहिली होती आणि माझ्याही राहतात. आज संगीता दवाखान्यात परिचारिका आहे, प्रज्ञा शिक्षिका होण्यासाठी शिकते आहे, आणि मी लिहिते.

धुळ्याच्या घरी, नानांच्या स्मरणार्थ झालेल्या पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. घर पाहुण्यांनी भरलेलं. अक्काची नात करुणा आमच्याकडे राहून सहावीत शिकते. तिला दोन वर्षांपूर्वी अक्कानेच आणून सोडलं होतं, पिशवीत दोन लाल रिबिनी घालून. आज शाळा नाही असं धरून ती कोपऱ्यात बसली होती. अक्का आता वाकली आहे, पण आवाज तोच. "कसाले बसनी? शाळा शे ना आज? नानानी कोनले कधी घर ठेवं का?"

दाराशेजारच्या खिळ्यावर रिबिनी लटकत होत्या, नाना लटकवायचे तशा. मी करुणाला पुढ्यात घेतलं, तिच्या हातात पुस्तक दिलं आणि वाचायला लावलं. वेण्या घातल्या. चार फेरे, टोक आत. अक्काने नातीचं डोकं दोन्ही हातांनी फिरवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"दुसरी येनी वाकडी शे," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.

करुणा दाराबाहेर पडली तेव्हा पावणेसात वाजले होते.