समुद्रातला घरजावई

किन्हीराजात कोणाच्या घरी काय शिजलं, हे घरातल्यांच्या आधी मदनसिंगच्या पानठेल्यावर कळतं. तेव्हा जानरावांची धाकटी रत्नमाला तिकडे गोव्याच्या समुद्राकाठी ‘रोग पाळते’ ही बातमी गावभर व्हायला कितीसा वेळ लागणार?

बरं, बातमी खोटीही नव्हती. समुद्रात डोळ्यांना न दिसणारं एक शेवाळ असतं. ते माजलं की पाणी लाल होतं, शिंपल्यांत विष भरतं आणि त्या खाणारा माणूस आडवा होतो. या शेवाळाच्या पेशीत शिरून तिला आतून खाणारा, तिच्याहून बारीक परजीवी रत्नमाला बाटल्यांत वाढवत होती. पण एवढ्या गर्दीत तो नेमकी तीच पेशी ओळखतो कशी? रत्नमालाचं म्हणणं, पेशीच्या सालीवर एक खास साखर असते. परजीवीच्या अंगावरचं प्रथिन तीच साखर धरतं, की दार उघडलं. तिच्या मार्गदर्शक बाई म्हणायच्या, ओळखबिळख काही नाही, आपटेल तिथे घुसतो. हट्टाने तिने एक शेवटची चाचणी मागून घेतली. ती फसली की विषय बंद आणि सगळी मेहनत खाऱ्या पाण्यात.

काही पेशींची साखर झाकून, काहींची उघडी ठेवून चाचणी मांडली आणि त्या बशा प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीच्या, मूळच्या कारंज्याच्या नमराच्या हवाली करून ती भाच्याच्या वाढदिवसाला घरी आली. जीव मात्र फोनात.

जेवताना तिच्या आईने, चंपाबाईंनी विचारलं, “तो किडा अंदर जाते तरी कसा वं?”

“घरजावयासारखा!” रत्नमाला बोलून गेली. “दार वळखते, अंदर शिरते, सासऱ्याचं खाऊन फुगते, अन् घर पोकळ करून लेकरंबाळं घेऊन निंगते.”

चंपाबाईंनी तिला डोळ्यांनी दटावलं. कारण समोरच वरणात पोळी बुडवत बसले होते विनोदभाऊजी, थोरल्या निताचे नवरोबा, लग्नापासून याच घरात मुक्कामी!

“म्हंजे माह्यावरच पीएचडी करून राह्यली काय, साळीबाई?”

निता पदरात तोंड खुपसून हसू लागली. जानराव म्हणाले, “जावईबापू, तुमी तं अजून फुगले नाई. जेवा.”

भाऊजी उठले नाहीत, पण दुसरी पोळीही मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी रुसवा काढायला रत्नमाला त्यांची शिदोरी घेऊन तुरीच्या शेतात गेली, आणि तिथेच फोन वाजला.

“रत्ना!” नमरा ओरडत होती. “उघड्या साखरेच्या पेशी साऱ्या फुटल्या. अन् जिथं आपन साखर झाकली, तिथं एकबी किडा शिरला नाई! जिते हायेत, बाहेरच घिरट्या घालून राह्यले. नुसतं प्रथिन सोडलं तं तेबी त्याच साखरेले चिकटलं!”

“अन् बाई?”

“बाई तं मायक्रोस्कोपातून डोळा काढत नाईत. म्हनते, रत्नमाला बरोबर होती.”

रत्नमालाने अशी किंकाळी फोडली की भाऊजी विळा घेऊन धावले. “कुठी हाय साप?”

“साप नाई, भाऊजी! दारच सापडलं! आता कोन्ता परजीवी कोन्त्या शेवाळावर पडन, हे आधीच सांगता येईन!”

संध्याकाळी पानठेल्यावर भाऊजी स्वतः जिलबी वाटत होते आणि साखर, प्रथिन, दार असं सगळं, जणू शोध त्यांनीच लावला, समजावत होते.

मदनसिंगने डोळा मारला. “मंग तुमी कोन्त्या साखरेले चिकटले, जावईबापू?”

“त्या किड्याले दार शोधा लागते, मदनसिंग,” भाऊजींनी छाती फुगवली. “मले तं सासऱ्यानं बँड लावून अंदर घेतलं!”