‘आपली माणसं’ नावाचं गिऱ्हाईक

"घेऊन जा की, मग आणून दे," असं म्हणत ते मागणाऱ्याच्या हातात वस्तू ठेवायचे आणि मान दुसरीकडं वळवायचे. घेणाऱ्याला संकोच वाटू नये म्हणून असेल. असं देणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

उमरग्याजवळ डाळमिल बनवणारा एक कारखाना आहे. ते तिथले स्टोअरकीपर. सगळे त्यांना मामा म्हणत. कॉलेज सुटल्यावर मी तिथं कॉम्प्युटरवर नोंदी करायला जाते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. नव्या सॉफ्टवेअरमध्ये सगळा माल भरायचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा मनात धाकधूकच होती.

त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाची मिल म्हणजे एक प्रोजेक्ट. कुठल्या मिलला काय लागेल आणि कधी मागवायचं, ते कॉम्प्युटर सांगतो. मात्र एका प्रोजेक्टसाठी आलेलं बेअरिंग दुसऱ्याला देऊ देत नाही.

मामांची इथंच पंचाईत झाली. एकाचा माल यायचा असला की दुसऱ्याचा देऊन काम चालू ठेवायचं, ही त्यांची रीत. पहिल्यांदा नकार द्यायची वेळ आली तेव्हा ते मागायला आलेल्या फिटरकडं न बघता माझ्या स्क्रीनकडं बघत म्हणाले, "ही बाई देऊ देईना गा."

"मामीला बी एवढं भेत नसाल मामा," फिटर म्हणाला.

मग एकदा मामा खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. "बाळा, एक नवा प्रोजेक्ट काढ. त्यातला माल उसना द्यायचा."

"गिऱ्हाइकाचं नाव लागतं, मामा."

त्यांनी विचार केला. "आपली माणसं, असं टाक."

मी बिचकत टाकलं. कॉम्प्युटरनं इमानानं त्याचीही खरेदी काढली. माल आला. मामा पुन्हा खुलले.

महिनाअखेरीस मालकांनी विचारलं, "मामा, हे गिऱ्हाईक कुठल्या गावचं? मिल न्यायला कधी येणार?"

मामांनी खरं ते सांगितलं. पण माल कुणाकुणाकडं आहे, ते त्यांना सांगता येईना. त्यांनी कधी लक्षातच ठेवलं नव्हतं. मालक हसले नाहीत. सोमवारपासून दुसरा माणूस स्टोअर बघेल, त्याआधी दिलेला सगळा माल जमा दाखवा, एवढंच बोलले.

"काम गेलं तर जाऊ दे," मामा मला म्हणाले. "पण चोर म्हणून न्हाय जायचं मला."

तरी मागायला ते कुणाकडं गेले नाहीत. शेवटी मीच भीत भीत शेडमध्ये जाऊन फिटरांना सांगितलं.

शनिवारी फिटर एकेक करून आले. कुणी पेटीतून बेअरिंग काढलं, कुणी पट्टा, कुणी बोल्टांची पिशवी. स्वतःचा माल आल्यावर परत करायचं राहून गेलेलं. "इसरलोच बगा मामा." मी जमा करत गेले. हिशेब पुरा झाला. मालकांनी स्क्रीन पाहिली आणि मामांसाठी चहा मागवला.

माणसं मात्र येतच राहिली. कॉम्प्युटर यायच्या आधी नेलेलंही आणत होती. दिल्यापेक्षा जास्त परत घ्यायची सोय सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. ते सगळं मी स्टोअरच्या खिडकीत मांडून ठेवलं.

काम सुटलं ते सुटलंच. मामा आता परंड्याला लेकीकडं असतात.

परवा एका फिटरनं खिडकीतलं बेअरिंग उचललं आणि तो चालू लागला. नव्या स्टोअरकीपरनी माझ्याकडं पाहिलं. मी स्क्रीनकडं पाहिलं. तिथं काहीच कमी झालं नव्हतं.