क्लिअर ऑल

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांच्या तोंडावर मी आजवर हसत आले. कंधारच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरात ना नवस, ना अंगारा... बुद्धपौर्णिमेची खीर सोडली तर काही नाही. तरीही हे घडलं.

गेल्या उन्हाळ्यात बसस्टँडजवळच्या दुकानातून नवा फोन घेतला. दुकानदाराची पद्धत अशी, की फोन हातात देण्याआधी स्वतःच डझनभर ॲप टाकायची आणि सगळ्यांना 'अलाऊ' करून द्यायचं. मग कटकट सुरू – फोनमध्ये कचरा साचलाय, राशिभविष्य बघा, चपलांवर सूट, रमी खेळा... दिवसभर टुणटुण.

आईला लिहिता येत नव्हतं, ती बोलून मेसेज पाठवायची. घरी एकटीच असायची. त्या दिवशी बारा चाळीसला तिने मेसेज केला. मी वह्या तपासत होते, फोन वाजतच होता. वैतागून 'क्लिअर ऑल' दाबलं. मेसेज ऐकला तो चार वाजता. "सुमे, छातीत कसंतरी व्हायलंय. घरी ये गं." शाळेपासून घर सात मिनिटांवर. पोचले तेव्हा आई गार पडली होती.

आईच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि दुसऱ्याच दिवशी मी जाब विचारायला फोनच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, सगळ्याच्याच फोनात असतंय हे. पुसून टाकायचं अन् मोकळं व्हायचं."

"हाव, पुसलं ना. त्यातच माय गेली माझी. तुलाबी ऐकू येईल एक दिवस."

रागाने बोलले, बाकी काही केलं नाही. पण आठवड्याभरात कानावर आलं – रोज बारा चाळीसला त्याच्या शोकेसमधले सगळे फोन एकदम वाजतात, सिम नसलेलेसुद्धा, आणि एका बाईचा आवाज येतो. गिऱ्हाईक फिरकेना. मला फार बरं वाटलं, लपवत नाही. शेवटी तो घरी आला, हात जोडून.

"मॅडम, तुमीच करायलाव का हे?"

"न्हाई. पण थांबावं असंबी मला वाटत न्हाई."

त्याची फजिती डोळ्यांनी बघायची होती, म्हणून दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन उभी राहिले. बारा चाळीस झाले. सगळे फोन वाजले. दुकानदार कानांवर हात ठेवून बाहेर पळाला. आवाज आईचाच. "सुमे, छातीत कसंतरी व्हायलंय. घरी ये गं." हा मेसेज मी कुणालाही पाठवला नव्हता.

माझ्या फोनमधला मेसेज तिथे संपतो. हा संपला नाही. पुढे आई म्हणाली, "माजं नाव दिसलं व्हतं की तुला."

दिसलं होतं. चपलांच्या जाहिरातीखाली 'आई' दिसलं होतं. दूध आण म्हणत असेल, वह्या झाल्या की बघू, म्हणून पुसलं... हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या दिवसापासून ते फोन गप्प आहेत. कसं घडलं, मला अजून कळलेलं नाही. दुकानदार रस्त्यात भेटला की हात जोडतो. त्याला वाटतं, मी त्याला माफ केलं.