गुडघ्यापर्यंतचा विमा

विमा विकणाऱ्या बाईला लोक पाणी विचारत नाहीत, पण किस्से मात्र घरपोच देतात. या धंद्यात कमिशन थोडं, किस्से भरपूर! आमचे हे म्हणतात, "तू पॉलिसी कमी आणतेस आणि हसत जास्त येतेस." खरंय. एक किस्सा सांगून संपत नाही तोवर गिऱ्हाईक दुसरा करून ठेवतं.

मी सिल्वासात घरांचा विमा विकते. आमलीची वस्ती ओलांडून दमणगंगेकडे उतरलं की आमच्या रो-हाउसची ओळ लागते. बिल्डरने जाहिरातीत लिहिलं होतं, 'घरबसल्या नदीचं दर्शन!' बिचाऱ्याने शब्द पाळला. पाऊस लागून राहिला आणि वरच्या धरणातून पाणी सुटलं, की आम्हाला कुठे जावं लागत नाही, नदीच दर्शन द्यायला येते.

त्यामुळे दरवर्षी पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे एकच वाद. पुराचा विमा काढावा की काढू नये? कोणी म्हणतं काढावा, कोणी म्हणतं पैसे पाण्यात! मी पहिलं गिऱ्हाईक पकडलं ते घरचंच. नवरा सही करताना म्हणाला, "बाहेर कोणी मिळालं नाही वाटतं?"

*

समोरच्या घरातले जिग्नेशभाई. आमलीत हार्डवेअरचं दुकान. माणूस गोड, पण खिळासुद्धा वजन करून देणारा.

मी त्यांना तासभर समजावलं. भिंती, फर्निचर, फ्रीज, सगळं सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा पाजला आणि म्हणाले, "बेन, आपल्या लाइनमध्ये पाणी किती येते?"

"मागच्या वेळी गुडघ्यापर्यंत आलं होतं," मी म्हणाले.

"तो पछी? विमा पण गुडघ्यापर्यंतच काढो ने! वरच्या भिंतीचे पैसे हूं कशाला भरू?"

असा विमा नसतो हे मी त्यांना चार प्रकारे सांगितलं. पटलं नाही. शेवटी त्यांनी स्वतःचाच उपाय काढला. दुकानातून लोखंडी अँगल आणले आणि घरातली प्रत्येक वस्तू गुडघ्याच्या वर चढवली. फ्रीज तर असा उंच गेला की भाभींना दूध काढायला स्टूल लागायला लागलं.

आठवड्याभरात भाभी स्टुलावरून पडल्या. पाय प्लास्टरमध्ये!

मी भेटायला गेले तर जिग्नेशभाई दारातच कुजबुजले, "बेन, पडण्याचा विमा असते का?"

*

शेजारच्या घरात सावंतसर. कुडाळचे, इथे शाळेत मास्तर. अख्ख्या ओळीत पॉलिसी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारा हा एकच माणूस. छापणाऱ्यानेही वाचली नसेल.

त्यांनी सही केली, पण त्याआधी माझी तोंडी परीक्षा घेतली. "पूर म्हणजे काय? नदीचं पाणी म्हणजे पूर, की कुठलंही पाणी म्हणजे पूर? माझ्या टाकीचं पाणी वाहिलं तर?"

"तो पूर नाही सर, तो निष्काळजीपणा."

"उत्तम!" सर म्हणाले. मला वाटलं आता माझ्या हातावर बरोबरची खूण करतात की काय!

*

आता पाटीलभाऊ. हे आमच्या भिंतीला भिंत लागून. अमळनेरकडचे. तरुणपणी एक पत्र्याची ट्रंक घेऊन सिल्वासात उतरले, यार्नच्या कंपनीत मशिनवर लागले, अर्धं आयुष्य आमलीच्या एका खोलीत काढलं, आणि ओव्हरटाइमवर ओव्हरटाइम करून हे घर घेतलं. या घराशिवाय त्यांच्याकडे दुसरं काही नाही. गावाकडे नाही, बँकेत नाही. म्हणून मी सगळ्यांपेक्षा जास्त त्यांच्याच मागे लागले होते.

आणि नेमके तेच ऐकेनात!

"ताई, तुम्ही काय बोलू राहिल्या? घरात पाळणा आणला की पोर येतं, अन् विमा आणला की पूर येतो! चांगल्या घराला अपशकुन कशाला?"

दरवर्षी मी जायची, दरवर्षी पाळणा हलवून परत यायची. एके दिवशी शोभावहिनी आतून बाहेर आल्या. हातात फडकं. वहिनींच्या हातात कायम फडकं असतं. त्यांच्या घरात गॅसचं सिलिंडरसुद्धा अंग पुसल्याशिवाय आत जात नाही. सकाळी स्वतःचं अंगण झाडतात, मग हाताला राहवत नाही म्हणून माझंही झाडतात, आणि मग माझ्याकडे अशा बघतात की मला संध्याकाळपर्यंत अपराधी वाटतं.

तर वहिनी म्हणाल्या, "का हो, तुमच्या जिवाचा विमा काढून किती वर्षं झाली?"

"लग्न झालं तवाच काढला. का बरं?"

"मग अजून मेले का तुम्ही?"

आणि माझ्याकडे वळल्या.

"ताई, द्या कागद. कुठे सही करायची ते दाखवा त्यांना."

*

विमा काढल्यावर पहिल्याच पावसाळ्यात भोंगा लावलेली रिक्षा फिरली. धरणातून पाणी सोडणार, नदीकाठच्यांनी सावध राहा. सामान वर चढवून आम्ही सगळे आपापल्या पायऱ्यांवर उभे. पाणी रस्ता चढलं, अंगणात आलं, पाटलांच्या शेवटच्या पायरीला लागलं, थोडं रेंगाळलं आणि सावकाश परत गेलं.

मी तर हातच जोडले. जिग्नेशभाईंनी पेढे आणले. पाटीलभाऊ मात्र पायरीवर तोंड पाडून बसलेले.

"काय झालं भाऊ? वाचलो ना!"

"वाचलो ते ठीक आहे," भाऊ म्हणाले, "पण वर्षभराचे पैसे वाया गेले ना ताई! नदी इतकी लांबून आली, अजून एक पायरी चढली असती तर तिचं काय जाणार होतं?"

आतून वहिनींचा आवाज आला. "तिचं काही नाही, माझं कपाट जाणार होतं!"

पुढच्या वर्षी पॉलिसी चालू ठेवायची वेळ आली तेव्हा मी भाऊंना विचारलंच नाही. थेट वहिनींकडे गेले.

*

आणि मग त्या पावसाळ्यात नदी ती पायरी चढलीच.

पाणी भरदिवसा आलं. सगळ्यात आधी ते दारातून येत नाही, हे नदीकाठाला राहणाऱ्यालाच माहीत. ते बाथरूमच्या जाळीतून बुडबुडत वर येतं. सावंतसरांच्या बाथरूममधून आलं, हॉलमध्ये पसरलं, आणि सर मध्यभागी पँट दुमडून उभे.

मी खिडकीतून ओरडले, "सर, वर चला! पूर आला!"

"हा पूर नाही!" सर आतून ओरडले. "हे ड्रेनेजचं पाणी आहे! नदीचं पाणी दारातून येईपर्यंत मी क्लेम करणार नाही. खोटं बोलून मला पैसे नकोत!"

जिन्यातून त्यांच्या बायकोचा आवाज, "अवो, पाणी खयसून इला ता मागीर बघा! आधी वर येवा!"

सर हलले नाहीत. पाच-दहा मिनिटांनी पुढचं दार ढकलून नदी आत आली. तेव्हा कुठे सरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. उशिरा आलेल्या पोराला वर्गात घ्यावं तसं त्यांनी बाजूला होऊन तिला वाट दिली.

"आता आला! हा पूर!" असं म्हणून सर जिना चढले.

आम्ही सगळे गच्च्यांवर. त्या गडबडीतही लोक हसत होते. पण पलीकडच्या गच्चीवर पाटीलभाऊ कठडा धरून उभे होते. खाली त्यांचा दिवाण, फ्रीज, कपाट, सगळं तपकिरी पाण्यात. त्या दिवशी मला हसू आलं नाही. मी मनातल्या मनात एवढंच म्हणत होते, या माणसाचा क्लेम मंजूर व्हायलाच पाहिजे. दुसऱ्या कोणाचा नाही झाला तरी चालेल.

*

पाणी उतरल्यावर मी घरोघर सांगत फिरले. "सर्वेअरसाहेब येऊन नुकसान बघणार आहेत. तोवर काहीही धुऊ नका, पुसू नका, हलवू नका. चिखल हाच आपला पुरावा!" वहिनींना तर हात धरून सांगितलं. त्या "हो हो" म्हणाल्या.

दोन दिवसांनी वापीहून साहेब आले. जाडजूड गृहस्थ, क्रीम कलरची कडक इस्त्रीची पँट. जिग्नेशभाईंच्या दारातला चिखल बघत बघत मी त्यांना पाटलांकडे आणलं आणि दारातच थबकले.

दारात रांगोळी! आत फरशी अशी लखलखीत की तोंड बघावं. भिंतीवरची पाण्याची रेघ गायब, तिच्यावर पांढरा रंग. फ्रीज पुसून त्याच्यावर विणलेला रुमाल. दिवाणावर नवी कोरी चादर. फिनेलचा वास आणि पोह्यांची फोडणी!

"वहिनी!" मी किंचाळलेच. "हे काय केलंत?"

"साहेब येणार होते ना," वहिनी हळूच म्हणाल्या. "परक्या माणसाला असं घाणेरडं घर दाखवायचं? लोक काय म्हणतील!"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मॅडम, पूर नक्की याच घरात आला होता?"

"आलता ना साहेब," वहिनी म्हणाल्या. "पण आम्ही राहू नाही दिला."

"निदान फोटो?" मी पाटीलभाऊंकडे वळले.

भाऊंचा आवाज अगदी खोल गेला होता. "काढले होते. हिनं डिलीट करायला लावले. म्हणे घराचा असला अवतार कोणाला दाखवायचा नाही."

साहेबांनी मान हलवली. "असं असेल तर मी लिहू काय? दिसतंय तेच मला लिहावं लागतं. आणि मला तर सत्यनारायणाचं घर दिसतंय." भाऊ भिंतीला टेकले.

"निर्णय नंतर करा साहेब, आधी पोहे खा," वहिनी म्हणाल्या. "बसा!"

साहेब दिवाणावर बसले.

पचाक!

चादरीच्या चारी बाजूंनी तपकिरी पाणी बाहेर आलं. वरून दोन दिवस ऊन दाखवलेली गादी आतून अख्खी नदी धरून बसली होती! साहेब उडी मारून उठले. क्रीम पँटच्या मागे दमणगंगेचा अस्सल गाळ, खिशापासून गुडघ्यापर्यंत.

मग साहेबांनी वाकून गादी दाबली. परत पाणी. त्यांनी फ्रीजच्या मागे हात घातला, कपाट ओढलं, मागची फुगलेली फळी बघितली आणि खो-खो हसायला लागले.

"सापडला! पाटील, तुमचा पूर सापडला! क्लेमची काळजी सोडा."

भाऊंनी डोळे पुसले. मीही पुसले, कशाला लपवू?

साहेबांना भाऊंचा पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा दिला. भाऊ शिडशिडीत नि बुटके, त्यामुळे तो साहेबांच्या पोटऱ्यांवरच थांबला. तसेच उभे राहून त्यांनी गादीचे, फ्रीजचे, कपाटाचे फोटो काढले, दोन वाट्या पोहे खाल्ले आणि म्हणाले, "आता एकच फोटो राहिला. माझ्या पँटचा! गादीवर बादली कोणीही ओतेल, पण हा गाळ माझ्या स्वतःच्या अंगावर उमटलाय. यापेक्षा पक्का पुरावा नाही. वहिनी, पँट तेवढी आहे तशी आणा!"

मागच्या अंगणातून वहिनी पदराला हात पुसत आल्या. पुरानंतर पहिल्यांदाच त्यांचा चेहरा फुलला होता.

"घाबरू नका साहेब," त्या म्हणाल्या, "डाग निघाला!"