खंडेनवमीचे पाने

कुपवाडच्या ज्या कारखान्यात आम्ही ऑक्सिजनचे सिलिंडर भरायचो, तिथे तेलाला सक्त बंदी होती. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेलाचं बोट जरी लागलं तरी भडका उडतो. मी जात्याच भित्रा, कामावर जाताना डोक्यालासुद्धा तेल लावत नसे. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पलटणीतून निवृत्त होऊन आलेले. त्यांना या कामावर मीच चिकटवलं होतं, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलेला. काही बरंवाईट झालं तर बहिणीला तोंड कसं दाखवू? दाजी हसायचे. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस रं गड्या!"

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची खंडेनवमी. दाजींनी बोल्ट आवळायचे पाने घासायला आदल्या दिवशी घरी नेले होते. सकाळी कारखान्यात पूजा मांडली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला आणि तेवढ्यात ऑक्सिजनच्या लाईनीतून सूंऽऽ असा आवाज येऊ लागला. दोन पाइप जिथे बोल्टांनी जोडलेले असतात, त्या फ्लँजला साबणाचा फेस लावून पाहिला. फुगेच फुगे. आतलं गॅस्केट गेलं होतं.

पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलत नाहीत. मला तर तो अपशकुनच वाटला. दाजींनी हात जोडले, फडक्यानं कुंकू पुसलं आणि पाने उचलले. आम्ही लाईन बंद करून रिकामी केली, नवं गॅस्केट बसवलं, बोल्ट आवळले. दाजी व्हॉल्व्ह उघडायला गेले. मी पाने परत पूजेत ठेवायला घेतले, तर खाचेत राहिलेलं कुंकू माझ्या बोटाला लागलं. झटकलं, जाईना. चोळलं, तर बुळबुळीत लागलं. वास घेतला. करडईचं तेल! त्याच हातांनी आम्ही गॅस्केट बसवलं होतं.

"आवं दाजी, थांबा! चाक फिरवू नगा!"

त्यांचा हात व्हॉल्व्हच्या चाकावर होता. चाक अजून फिरलं नव्हतं.

"म्या न्हाई लावलं रं," एवढंच ते म्हणाले. घरी पाने कुणी घासले, ते दोघांनाही कळलं होतं. आम्ही सगळं पुन्हा खोललं, तेल काढायच्या औषधानं धुतलं, हात साबणानं खरवडून धुतले, नवं गॅस्केट घातलं. दाजींनी चाक अगदी हळूहळू सोडलं. मी फेसाचा मग धरून शेजारी उभा होतो. फ्लँजला फेस लावला. फुगा आला नाही.

संध्याकाळी बहिणीनं आम्हा दोघांना वाढलं. "म्या सगळे पाने तेलानं पुसले हुते," ती कौतुकानं म्हणाली. "कसे चमकत हुते, बगितलं न्हवं?"

मी दाजींकडे पाहिलं.

"लय चमकत हुते," दाजी म्हणाले.

पुढच्या वर्षी त्यांनी सांगलीच्या बाजारातून गंजलेले जुने पाने आणले आणि घरातल्या विळ्या-कोयत्यांशेजारी ठेवले. बहीण ते दर खंडेनवमीला तेलानं चमकवायची. कारखान्यात आम्ही दुसरेच पाने पुजायचो.