बावीस वर्षं राखीव

अ‍ॅडलेडच्या एका ऑर्केस्ट्रात मी जन्मभर शेवटच्या रांगेत व्हायोलिन वाजवलं. त्याचं मला वाईट वाटत नाही, माझी लायकीच तेवढी होती. पण नोरीन ट्रेबिल्कोची त्याहून कितीतरी मोठी होती. तिचं जे मातेरं झालं त्यात माझाही हात होता, म्हणून सांगतो.

नोरीन कडीनाची, आमच्याच भागातल्या एका छोट्या गावची. बाप गव्हाच्या कोठारावर कामाला. संगीत विद्यालयात आम्ही तीन वर्षं शेजारी बसून व्हायोलिन शिकलो. तिला एकच हवं होतं: टाउन हॉलमध्ये सगळ्या ऑर्केस्ट्रापुढे उभं राहून एकटीने वाजवायचं. पण पिकतं तिथे विकत नाही. आमच्या लोकांना एकटा वाजवणारा परदेशातूनच आलेला लागे. त्याचं नाव उच्चारताना जीभ जितकी अडखळेल, तितकी तिकिटं लवकर संपत. कडीनाची पोरगी? छे!

एक्कावन्न साली आमच्या मॅनेजरने, अ‍ॅश्बीने, तिला बोलावलं. "मिस ट्रेबिल्को, पाहुणे आजारी पडतात, विमानं चुकतात. तुम्ही राखीव राहा. एकदा संधी मिळू दे, मग बघा!"

राखीव माणसाने पाहुण्याचा सगळा कार्यक्रम बसवायचा, ठेवणीतला झगा घालून मागच्या खोलीत थांबायचं, आणि पाहुणा स्टेजवर गेला की गुपचूप घरी जायचं. क्रिकेटमधला बारावा खेळाडू निदान पाणी घेऊन तरी मैदानात जातो. शिवाय एक अट होती. ऐनवेळी ऑर्केस्ट्राची धांदल नको, म्हणून तिने पाहुण्यासारखंच वाजवायचं. त्याच्या रेकॉर्डी तिच्या घरी पोचत. तो जिथे रेंगाळतो तिथे रेंगाळायचं, तो घाई करतो तिथे घाई. ही अट अ‍ॅश्बीची नव्हती बरं का. आम्ही वादकांनीच अर्ज केला होता, आणि त्यावर माझीही सही होती.

तिने पर्थची मास्तरकी नाकारली. गावोगावचे छोटे कार्यक्रमही नाकारले. एकदा कँटीनमध्ये खिमा भरलेली पेस्टी खाताना मी चिडून म्हणालो, "अगं, सोड ना हे खूळ! तुझी दुसरीकडे कदर होईल."

"आणि नेमका त्याच दिवशी कुणी आजारी पडला तर?"

"या मेल्यांना इतक्या वर्षांत साधी सर्दी झाली नाही!"

"होईल रे मर्व्ह. माणसंच आहेत ती." आणि खळखळून हसली.

त्र्याहत्तर साली झाली. सर्दी नव्हे, अपेंडिक्स. हंगेरीच्या केरेकेशला भर दुपारी इस्पितळात नेलं आणि संध्याकाळी नोरीन आमच्यापुढे उभी राहिली. काय वाजवलं बाईने! एक सूर ढळला नाही. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि मला पुढे केरेकेशच उभा वाटत होता. संथ भागाआधी तो किंचित अडखळायचा, तेसुद्धा तिने सोडलं नाही. लोक उभे राहिले. अ‍ॅश्बी धावत आला. "कमाल केलीत! डोळे मिटले तर तोच! कुणाला फरकच कळला नाही!" नोरीनचा चेहरा आनंदाने फुलला होता. मीही मूर्खासारख्या टाळ्या पिटत होतो.

बक्षीस म्हणून अ‍ॅश्बीने तिला जूनमध्ये स्वतंत्र कार्यक्रम दिला. हवं ते वाजवा, तुमच्या पद्धतीने वाजवा, म्हणाला.

तीन आठवड्यांनी सकाळीच ती माझ्या दारात. मी टोमॅटोंना पाणी घालत होतो. बस म्हटलं तर बसेना.

"मर्व्ह, हसू नकोस. विद्यालयात मी कशी वाजवायचे?"

"झकास!"

"झकास नको रे. कशी? काहीही वाजवायला घेतलं की दुसऱ्याच कुणाचं तरी निघतं. अंगाई वाजवली तरी केरेकेश. तू शेजारी बसायचास ना? तूच सांग."

मी आठवायला लागलो. तिची वेणी आठवली, शाईने बरबटलेली बोटं आठवली. वाजवणं काही केल्या आठवेना. तीन वर्षं शेजारी बसून मी माझ्याच चुका ऐकत होतो.

"मोकळं वाजवायचीस," मी म्हणालो. "दिलखुलास."

तिने माझ्याकडे पाहिलं. "हे तू आत्ता जुळवलंस."

मी नळ बंद केला.

जूनला झेपणार नाही, असं तिने अ‍ॅश्बीला कळवलं. त्याने तिच्या जागी डेन्मार्कचा एक तरुण ठरवला आणि लगेच त्याच्या रेकॉर्डी तिच्या घरी पाठवल्या. सोबत चिठ्ठी होती: राखीव राहाल ना?

ती हो म्हणाली.